गुडघ्यावर बसलेला मांत्रिक

माझ्या मुलीच्या व्हिडिओ गेममध्ये मी एका म्हाताऱ्या मांत्रिकाला मारलं आणि सात महिने तिला सांगितलं नाही. वाचणाऱ्याला हे हसण्यासारखं वाटेल. माझ्या बायकोलाही तसंच वाटलं होतं. पण त्या खेळापुरता आमच्या घरात एक नियम होता. तो मुलीनं साध्वी माताजींसमोर घेतला होता आणि मी तो तिच्या पाठीमागं मोडला. मोडल्यावर जे बोललो, ते तर मारण्याहून वाईट होतं.

आम्ही जैन. आजोबांच्या काळात कागल तालुक्यातून कोल्हापुरात आलो. शेती तिकडं अजून आहे, आणि इथं माझं खत-औषधांचं दुकान आहे. औषध म्हणजे पिकावर फवारायचं, किडीचं. मी आयुष्यात हातानं डास मारलेला नाही. पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, आणि दिवसभर हुमणीचं, माव्याचं औषध विकतो. हे मनात कायम कुठंतरी टोचत असतं. कुणी बोलून दाखवत नाही, पण भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात प्रवचनात अहिंसेचा विषय निघाला की मी नकळत मागच्या रांगेत सरकतो.

गेल्या वर्षी आमच्या पेठेतल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एका आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. मूळच्या सीमेपलीकडच्या, बोलणं कानडी वळणाचं आणि हळू. पर्वाच्या शेवटच्या दिवसांत लोक एकेक करून उठत आणि त्यांच्यासमोर नियम घेत. कुणी बटाटा सोडला, कुणी हॉटेल, कुणी सकाळी उठल्याउठल्या मोबाइल बघणं. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. ती उठली आणि म्हणाली, "माताजी, मी व्हिडिओ गेम खेळते. त्यात कुणालाही मारणार नाही."

मंडपात हशा पिकला. शेजारची एक बाई म्हणाली, "अगं मग गेमच सोड की! एवढं वाकडं कशाला जातीस?"

माताजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खेळ सोडणं सोपं आहे. खेळत राहून न मारणं अवघड. कधीपर्यंत?"

"गेम संपेपर्यंत."

"मनात मारलं तरी ते मारणंच असतं, हे माहीत आहे ना?"

"म्हणून तर घेतेय नियम."

माताजींनी मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. मी मागच्या रांगेत होतो. मला त्या क्षणी अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. घरात एक तरी कोपरा स्वच्छ राहील, असं काहीतरी.

तोवर त्या खेळाकडं मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पर्व संपल्यावर मुद्दाम शेजारी बसलो. गोष्ट साधी होती. एक लढवय्यी बाई, तिचा भाऊ डोंगरावरच्या गढीत कोंडलेला, त्याला सोडवायचं. वाटेत सैनिक, लांडगे आणि मांत्रिक. मांत्रिक म्हटल्यावर बायको स्वयंपाकघरातून ओरडली होती, "लिंबू-टाचण्यावाला व्हय गं?" मुलगी म्हणाली, "न्हाय आई, ह्याचा मंत्र खरोखर लागतो."

सैनिकांचं काही अडत नव्हतं. दगड भिरकावला की ते आवाजाकडं धावायचे, आणि मुलगी दुसऱ्या बाजूनं निसटायची. दार ओढून कडी घातली की आत अडकायचे. लांडग्यांना मशाल दाखवली की पुरे. मांत्रिक मात्र लांबून बघायचा, आणि त्यानं सोडलेली आग पळणाऱ्याच्या पाठीमागं यायची. बाकीचे खेळणारे त्याला आधी मारतात. घोळक्यात मांत्रिक दिसला की बाकीचं सगळं सोडून पहिला घाव त्याच्यावर. इंटरनेटवर सगळीकडं हाच सल्ला. मुलीला तो चालणार नव्हता, म्हणून तिला सगळं नव्यानं शोधावं लागलं, आणि मी त्यात कधी ओढला गेलो ते कळलंच नाही.

आधी कळलं ते खांबाचं. आग सरळ येते, तिला वळता येत नाही. एक जाड खांब मधे ठेवला आणि मांत्रिक फिरेल तसं आपण फिरलो की तो नुसता दगडावर आग ओतत राहतो. वीज टाकणाऱ्याला हे लागू नाही, वीज वळते. मग कळलं की कुठलाही मंत्र लगेच सुटत नाही. मांत्रिक हात वर करतो, त्याच्या पायाखाली उजेडाचं रिंगण पेटतं. आगीचं तांबडं, बर्फाचं निळं, विषाचं हिरवं. रिंगण पुरं व्हायला दीडेक श्वास लागतो. तेवढ्यात त्याच्या अंगावर साधा खडा बसला तरी मंत्र मोडतो आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मोठ्या हत्याराची गरज नसते, पण वेळ साधावी लागते. मुलगी खडा इतका अचूक मारायची की मांत्रिक चिडून जागच्या जागी पाय आपटायचा, आणि आम्ही दोघं हसायचो.

माझी भर फवारणीतून आली. एका बर्फवाल्यापुढं ती आठ दिवस अडकली होती. मी म्हणालो, "हे बघ, गडी पाठीवर पंप घेऊन किती फवारतो? पंप संपेपर्यंत. मग त्याला बांधावर येऊन भरावा लागतोय. ह्याचा पण पंप असंल की."

तिनं मोजलं. बर्फवाला पाच वेळा मंत्र टाकायचा आणि मग कमरेची बाटली चाचपायचा. त्या वेळात जवळ जाऊन त्याच्या हातातली काठी हिसकावता येत होती. काठी गेलेला मांत्रिक गुडघ्यावर बसतो आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवतो. मग तो काही करत नाही. आपण पुढं जायचं.

"पप्पा, तुम्ही लई भारी हाय," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिनं एक वही केली. त्यात कुठल्या मांत्रिकाचा पंप केवढा ते लिहायची. विषवाल्याच्या पानावर माझ्या सांगण्यावरून लिहिलं होतं: वाऱ्याच्या पाठीशी राहणे. गढीवरचे झेंडे बघायचे आणि वारा ज्या बाजूनं येतो तिकडं उभं राहायचं. फवारताना आम्ही शेतकऱ्याला हेच सांगतो.

सकाळी तिला क्लासला सोडताना स्कूटरवर आमची हीच चर्चा. एक मांत्रिक हाडांचे सांगाडे उठवायचा. मी म्हणालो, "त्यांना फोडायला काय हरकत? ते मेलेलेच हायत की."

"पण त्यांना वाटतंय की आपण जिवंत हाय."

"तुला काय ठावं त्यांना काय वाटतंय?"

"शंका आली की हात आखडायचा, पप्पा. माताजींनीच सांगितलंय." मग तिनं शोधलं की सांगाड्यांना हात लावायची गरजच नाही. त्यांना उठवणाऱ्याचा मंत्र मोडला की ते आपोआप विरघळतात. पुढं तिला खेळात एक भुकटी मिळाली. ती अंगावर पडली की मांत्रिकाचा आवाज काही वेळ बंद होतो. तिनं तिचं नाव मौन ठेवलं, आणि चतुर्दशीला माताजी मौन धरत तेव्हा मांत्रिकावरही तीच वापरायची.

ते पाच महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले होते. माझ्या मुलीला माझ्या दुकानातलं काहीतरी कामी आलं होतं, आणि तेही कुणाला न मारण्यासाठी.

माघात ती खेळात एका मनोऱ्यातल्या खोलीपाशी आली. तिथं तिघे होते. एक आगीचा, एक बर्फाचा, आणि तिसरा पांढऱ्या दाढीचा म्हातारा, जो स्वतः काही टाकायचा नाही. तो बाकीच्या दोघांचे पंप भरायचा. म्हणजे मोजण्याचा काही उपयोग नाही. म्हाताऱ्याला आधी गाठायला हवं, आणि तो दोघांच्या मागं उभा. आपण हरलो की तो हसून इंग्रजीत म्हणायचा, घरी जा, तुझ्याच्यानं व्हायचं नाही.

एका रविवारी मायलेकी मुरगूडला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या. दुकानात माल उतरायचा होता म्हणून मी मागं राहिलो. जाताना मुलगी म्हणाली, "दुपारी त्या तिघांचा अभ्यास करून ठेवा. म्हातारा कुठनं कुठं फिरतोय ते बघा. पण पलीकडचं दार ओलांडू नका. ओलांडलं की आपोआप सेव्ह होतं, मग झालेलं पुसता येत न्हाय."

माल अकरालाच उतरला. मी बाराला बसलो. अभ्यास म्हणून सुरू केलं आणि तासाभरानं जिंकायचंच असं झालं. आग चुकवली तर बर्फ लागायचा. बर्फवाल्याला मौन घातलं तर म्हातारा ते उतरवायचा. प्रत्येक वेळी तेच हसणं आणि तेच वाक्य. घरात कुणी नव्हतं, तरी मला लाज वाटत होती. पन्नाशीला आलेला माणूस, टीव्हीसमोर घामाघूम. तीनच्या सुमाराला एकदाचं जमलं. दोघांना खांबांच्या दोन बाजूंना गुंतवून मी मधून पळालो आणि म्हाताऱ्याची काठी हिसकावली. तो गुडघ्यावर बसला. हात डोक्यावर. बाकीचे दोघे त्याच्याविना लगेच रिकामे झाले आणि तेही बसले.

एवढ्यावर थांबायचं होतं. मी तलवारीचं बटण दाबलं.

चुकून दाबलं नाही. इथं मला स्पष्ट लिहायला हवं. तो बसलेला होता, हात वर होते, काठी माझ्या हातात होती. मी दाबलं, आणि तो पडला, आणि मला बरं वाटलं. छातीतून काहीतरी मोकळं झाल्यासारखं. त्याच तंद्रीत मी पलीकडच्या दारातून बाहेर पडलो आणि कोपऱ्यात सेव्हचं चिन्ह फिरलं.

मग झालेलं पुसता येईल का म्हणून बरीच खटपट केली. तिनं वेगळं ठेवलेलं सेव्ह दिवाळीच्या आधीचं होतं. ते लावलं तर तिचे चार महिने जाणार. मग मी जे केलं ते सांगायला मला मारण्यापेक्षा जास्त लाज वाटते. मी मनोऱ्यात परत गेलो, म्हाताऱ्याला पायाला धरून खिडकीपर्यंत ओढत नेलं आणि खालच्या चौकातल्या विहिरीत टाकलं. खेळात पडलेल्याला असं ओढता येतं. खोली स्वच्छ दिसू लागली. मी टीव्ही बंद केला आणि हात धुतले.

संध्याकाळी मुलगी आली. साडीही न बदलता कंट्रोलर घेऊन बसली. दोन मांत्रिक गुडघ्यावर बघून किंचाळलीच.

"पप्पा! झालं? दार पण ओलांडलं व्हय! जाऊ दे, जिंकलाय की! तिसरा कुठाय?"

"गेला," मी म्हणालो.

"गेला म्हंजे?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "मी तलवार म्यानात ठेवली आणि नुसता त्याच्यापुढं उभा राहिलो. तो बघत राहिला, आणि निघून गेला."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण तिला काय आवडेल हे मला माहीत होतं, एवढं खरं. तिनं लगेच बायकोला हाक मारली, "आई, ऐक ऐक, पप्पांनी काय केलंय!" वहीत नवं पान उघडलं आणि वर लिहिलं: पप्पांचा डाव. खाली एकच ओळ. तलवार म्यानात ठेवणे व शांत उभे राहणे.

पुढचा मांत्रिक पुलावर होता. तिनं त्याच्यासमोर जाऊन तलवार म्यान केली आणि उभी राहिली. त्यानं तिला जाळलं. तिनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मी म्हणालो, "खांबाआड जा की. ह्याचा पंप मोज."

"न्हाय, तुमचाच डाव जमवायचाय. किती वेळ उभं होता तुम्ही?"

"असंल थोडा वेळ."

"नजर खाली का वर?"

मी काय सांगणार? म्हणालो, "वर." ती वर बघत उभी राहिली आणि जळाली.

शेवटी पुलावरच्याला तिनं जुन्याच पद्धतीनं पार केलं, काठी हिसकावून, पण तिचं समाधान झालं नाही. प्रत्येक नव्या मांत्रिकापुढं आधी ती म्यान करून उभी राहायची. दहा वेळा, वीस वेळा. परीक्षा झाली, उन्हाळा आला, तरी हेच. मी वर्तमानपत्र उघडून बसायचो आणि कागदाआडून तो पेटण्याचा आवाज ऐकायचो. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. आणि दर वेळी वाटायचं, आता इतके दिवस झाल्यावर काय सांगायचं.

वैशाखात माताजी पायी विहार करत कागलला आल्या. मुलगी दर्शनाला गेली ती माझा डाव त्यांना सांगून आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रवचनाला आम्ही तिघंही होतो. माताजी म्हणाल्या, "एका श्रावकानं खेळातसुद्धा तलवार म्यानात ठेवली. समोरचा निघून गेला. जो भीत नाही आणि भिववत नाही, त्याच्यापुढं मंत्र चालत नाही." बायकांच्या बाजूनं मुलीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा कसा दिसत होता ते मी लिहू शकत नाही. मी मान खाली घातली. शेजारच्या माणसाला तो विनय वाटला असणार.

भाद्रपद आला. पर्व संपल्यावर क्षमावाणी. आमच्यात त्या दिवशी सगळे एकमेकांना हात जोडतात, लहान मोठ्यांना आणि मोठे लहानांना. वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं म्हणायचं. समोरचा उत्तम क्षमा म्हणतो आणि आपलीही मागतो. बस्तीच्या अंगणात मी शंभरेक लोकांना ते म्हणालो असेन. मुलीपुढं आलो तेव्हा मुद्दाम थांबलो. हात जोडले. प्रत्येक शब्द सावकाश म्हटला. मनात तो म्हातारा होता, विहीर होती, सगळं होतं. तोंडात फक्त जाणता-अजाणता.

"उत्तम क्षमा, पप्पा," ती म्हणाली आणि पाया पडली. "माझं पण चुकलं असंल."

मला वाटलं, झालं. मागितली, मिळाली. त्या दिवशी मी नीट जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खेळायला बसली. भाऊ कोंडलेल्या गढीच्या दारातला शेवटचा मांत्रिक होता. तिनं म्यान केली. जळाली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग कंट्रोलर खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, माझ्या मनातच खोट असंल. म्हणून त्यो जात न्हाय. तुमच्यापुढनं गेला."

मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि सांगितलं.

सगळं एका दमात नाही सांगता आलं. आधी मारल्याचं सांगितलं. ती वळली.

"गुडघ्यावर होता?"

"व्हय."

"काठी न्हवती हातात?"

"न्हवती."

"मग का?"

"राग आल्ता. हसत होता सारखा."

"आणि म्यान?"

"तसं काय घडलंच न्हाय."

बायको दारात येऊन उभी होती. म्हणाली, "अगं, टीव्हीतल्या एका म्हाताऱ्यापायी बापाला काय कोर्टात उभं करतीस काय?"

"आई, तू मधे पडू नको." ती माझ्याकडंच बघत होती. "मारलं ते मारलं, पप्पा. ते त्याच दिवशी सांगितलं असतं तर पहिल्यापासून खेळलं असतं आपण. पण म्यानाचं कशाला सांगितलं? सात महिने मी त्या मांत्रिकांपुढं उभं राहून..." मग म्हणाली, "आणि काल क्षमा मागितली ती ह्याचीच?"

"व्हय."

"कशाची ते न सांगता?"

मी घडी केलेलं वर्तमानपत्र उचललं आणि परत ठेवलं.

"मग ती परत द्या. मी दिलेली न्हाय ती. तुम्ही काढून घेतलीय."

ती आत गेली. बायको म्हणाली, "होईल शांत." मलाही तसं वाटावं असं फार वाटत होतं.

माताजींचा चातुर्मास यंदा गडहिंग्लजकडं होता. पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. जायचं तिनंच ठरवलं होतं. आपला नियम मोडला का, हे तिला विचारायचं होतं. मी येतो म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "या. तुम्हालाच सांगायचंय सगळं." बसमध्ये शेजारी बसली, पण पूर्ण वेळ खिडकीकडं तोंड करून.

आम्ही वंदामि म्हणून समोर बसलो. मी सांगितलं, विहिरीसकट. माताजी डोळे मिटून ऐकत होत्या. मग मुलीला म्हणाल्या, "तू मारलंस?"

"न्हाय."

"मारायला सांगितलंस?"

"न्हाय. पण मला आनंद झाला होता, माताजी. पप्पा जिंकले म्हणून मी नाचले. त्याच्या मरणाच्या दारातनंच पुढं गेले."

"तुला माहीत नव्हतं."

"आता माहीत हाय."

माताजी म्हणाल्या, "तुझा नियम मोडला असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या मनाला जे पटेल ते कर." मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं उपवास सांगतील, जप सांगतील. मी मनातल्या मनात आठ उपवासांची तयारीही केली होती.

"तुमची गोष्ट मी मंडपात सांगितली," त्या म्हणाल्या. "कागलला सांगितली, इथंही दोनदा सांगितली. लोकांनी ती घरी नेली असेल. खरं की खोटं, मी पडताळलं नाही. माझी चूक मी सांगेन. तुमची तुम्ही सांगा. दुपारी थांबा."

दुपारी मंडप भरला होता. बरेच शेतकरी, त्यातले दोघेचौघे माझ्या दुकानात येणारे. माताजींनी आधी स्वतःचं सांगितलं, तीन वाक्यांत. मग मी उठलो. मला भाषणाची सवय नाही. मी म्हणालो की तो श्रावक मी. तलवार म्यानात ठेवली नव्हती. समोरचा गुडघ्यावर होता, त्याला मारलं, आणि मुलीला खोटं सांगितलं.

आधी कुणीतरी एक हसलं, मग बरेच हसले. मागून एक जण म्हणाला, "काय वो पावणं! कम्प्युटरातला म्हातारा, त्याला काय बायकापोरं हायत? एवढं मनाला लावून घ्याचं न्हाय!" तो मला धीर द्यायला म्हणत होता. मी खाली बसलो. एक वयस्क बाई मात्र हसली नाही. बाहेर पडताना ती मुलीजवळ थांबली आणि म्हणाली, "माझ्या सुनेला मी ती म्यानाची गोष्ट सांगितलीया. घरात भांडण हाय आमच्या. ती तसं वागाय लागलीया. आता तिला काय सांगू गं?"



येताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "त्या आजींचं काय व्हईल?" मी म्हणालो, "माहीत न्हाय." त्या दिवसातलं तिनं माझ्याशी बोललेलं तेवढंच एक वाक्य.

त्यानंतर तिनं खेळ पहिल्यापासून सुरू केला. एक वर्षाचं सगळं पुसून. बारावीचं वर्ष आहे, बायको कुरकुरते, ती फक्त रविवारी तासभर खेळते. वही नवी केली आहे. ती मला दाखवत नाही, आणि मी मागत नाही. पहिल्या रविवारी मी दारात उभं राहून विचारलं, "बसू का?"

"बसा. पण सांगू नका काही."

मी बसतो. सांगत नाही. परवा तो बर्फवाला आला. मला त्याचं सगळं पाठ आहे, जीभ शिवशिवत होती. ती खांबाआड गेली नाही, मोजलंही नाही. तिनं काहीतरी वेगळंच केलं. एकदा डावीकडं, मग थांबली, मग त्याच्या अगदी जवळून गेली, आणि तो तसाच काठी घेऊन उभा राहिला. ती पलीकडं पोहोचलीसुद्धा. मला काही कळलं नाही.

"कसं केलंस गं?" मी विचारून बसलो.

तिनं टीव्ही बंद केला, वही दप्तरात टाकली. "बघत होता की तुम्ही," म्हणाली आणि अभ्यासाला निघून गेली.

क्षमा मी पुन्हा मागितलेली नाही. जे शब्द येतात ते सगळे मी एकदा तिच्यापुढं वापरून बसलो आहे. पुढच्या रविवारीही बसू का म्हणून विचारणार आहे. ती नको म्हणेपर्यंत विचारत राहीन.